मिल्वॉकी ते डुलूथ, जाण्याचा खर्च

क्लेमेंट डुडेकनं एकतीस वर्षं मिल्वॉकी शहराच्या पाणीखात्यात मीटर वाचले. लोकांच्या तळघरात शिरायचं, कोण किती पाणी वापरतं ते कार्डावर उतरवायचं, आणि पुढचं तळघर गाठायचं. या एकतीस वर्षांत आपला एकही आकडा चुकला नाही असं तो सांगतो. इतरही सांगतात, पण ते जरा कंटाळून सांगतात. असा हा माणूस मिल्वॉकीहून डुलूथला जायला किती खर्च येतो एवढं काढायला बसला आणि त्याला अकरा आठवडे लागले, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण त्यात एक भांडं होतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

भांडं निळ्या काचेचं, लांबट चौकोनी, भट्टीत ठेवायचं. बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईनं लिहिलेलं नाव: ओस्टबी. त्या मुलखात भांड्याच्या बुडाला नाव नसेल तर ते भांडं अजून घराबाहेर पडलेलंच नाही असं समजावं. कुणाकडे बाळंतपण असो, कुणाकडे मयत असो, भांडी भरून जातात आणि भरूनच परत येतात. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करणारा माणूस तिथं अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर त्याच्या आईला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

हे भांडं शेजारच्या लव्हॉन ओस्टबीचं. क्लेमेंटची बायको बर्निस साडेचार वर्षांपूर्वी गेली. त्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी लव्हॉन मागच्या दारी यायची, हातात हे भांडं, आत खिमा, घेवडा आणि वर खरपूस बटाटे. "जरा जास्तच झालं," एवढंच म्हणायची. एकटी राहणारी विधवा बाई, तिचं दर गुरुवारी सहा माणसांचं जास्त व्हायचं, आणि ते दोन वर्षं होत राहिलं. क्लेमेंट शनिवारी भांडं घासून, काहीबाही भरून कुंपणावरून परत द्यायचा. एकदा त्याला काहीच सुचलं नाही म्हणून त्यानं बारा उकडलेली अंडी भरून दिली होती. त्याची त्याला अजून लाज वाटते.

मग लव्हॉनची थोरली बहीण इंगा डुलूथला आजारी पडली. तिच्या शुश्रूषेसाठी लव्हॉननं आठवड्याभरात घर भाड्यानं दिलं आणि ती गेली. गेली तो वार शुक्रवार. आता गुरुवारी आलेलं भांडं शुक्रवारी कुठं असणार? क्लेमेंटकडेच. ते त्याच्या फ्रिजवर दोन वर्षं राहिलं. त्यात त्यानं कधी काही शिजवलं नाही. अधूनमधून खाली काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. शेजारी आता एक दंतवैद्य राहत होता, आणि मागचं दार गुरुवारी वाजत नव्हतं.

ईस्टरच्या आठवड्यात लव्हॉनचं कार्ड आलं. तीन ओळी. "इंगा फेब्रुवारीत गेली. तलाव अजून गोठलेलाच आहे. माझं निळं भांडं तुमच्याकडे असेल तर असू दे, घाई नाही."

क्लेमेंटनं ते कार्ड उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. त्या भागातली माणसं जे हवं ते कधी मागत नाहीत. मीठ हवं असेल तर म्हणतात, सूप छान झालंय, मिठाचं काय, मीठ तसं पुरेच म्हणायचं. तेव्हा "असू दे" याचा अर्थ काय घ्यायचा? आणि "घाई नाही" म्हणजे खरंच घाई नाही, की दोन वर्षं झाली गृहस्था, आता तरी ऊठ? त्याला एवढंच कळत होतं की डुलूथला एका घरात ती आता एकटी आहे, आणि आपल्याला तिथं जावंसं वाटतंय. इतकं वाटतंय की हे कुणाला कळता कामा नये. म्हणून त्यानं ठरवलं, आपण जायचं वगैरे काही नाही. आपण फक्त खर्च काढायचा.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे तळलेल्या माशाची पंगत होती. खांबाजवळचं टेबल क्लेमेंट, गॉर्डी आणि रोझ अ‍ॅन यांचं. गॉर्डीनं चाळीस वर्षं ट्रक चालवलेला. देशातला असा रस्ता नाही ज्यावर त्याचा एकदा तरी टायर फुटला नाही. रोझ अ‍ॅन चर्चच्या कचेरीची कारभारीण, गावातल्या सगळ्या गुडघ्यांची आणि घटस्फोटांची खबर तिच्याकडे.

"सहज विचारतो," माशावर लिंबू पिळत क्लेमेंट म्हणाला, "इथून डुलूथला जायला काय पडत असेल?"

"कोण चाललंय?" गॉर्डीनं विचारलं.

"कुणी नाही. खर्च काढतोय."

"कशाला?"

"माणसाला माहिती असावी."

"डुलूथची माहिती?" गॉर्डी म्हणाला. "क्लेम, तू आयुष्यात शिकागोच्या पुढं गेला नाहीस. तिथंही तुझी चुलती मेली म्हणून गेलास."

"लव्हॉनचं भांडं आहे माझ्याकडे," क्लेमेंट म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

रोझ अ‍ॅननं काटा खाली ठेवला. "अगं बाई, एवढंच ना? मग पार्सल कर. सत्तावीस डॉलर. मी परवाच जावेला आरसा पाठवला."

इथं सगळी गोची झाली. मोटार, बस, रेल्वे, विमान यांची तुलना क्लेमेंटनं मनात आखली होती, त्यात पार्सल नव्हतंच. आणि हिशोब सरळ केला तर पार्सलच जिंकत होतं.

"रिकामं भांडं पाठवू?" तो म्हणाला.

"ते मात्र खरं," रोझ अ‍ॅन गडबडली. मग तिचा चेहरा उजळला. "गोळ्या भर. लिमलेटच्या. त्या नासत नाहीत."

त्या क्षणी क्लेमेंटला रोझ अ‍ॅनचा जेवढा राग आला तेवढा चाळीस वर्षांच्या ओळखीत आला नव्हता. कारण उत्तर बिनतोड होतं. तो कोबीच्या कोशिंबिरीत काटा फिरवत राहिला. "गोळ्या नाही चालणार," तो शेवटी म्हणाला. "रुबार्बच्या वड्या करीन म्हणतो. बर्निसच्या वाफ्यातला आंबट देठांचा रुबार्ब. लव्हॉनला आवडायचा."

"रुबार्ब पार्सलनं कसा जाईल? दोन दिवसांत पाणी सुटेल त्याला."

"तेच म्हणतो मी."

"आणि तो जूनशिवाय तयारही होत नाही."

"तेही आहे."

रोझ अ‍ॅन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिनं पुढं एक शब्द काढला नाही. रोझ अ‍ॅन गप्प बसली ही गोष्ट त्या तळघरात बरेच दिवस सांगितली जात होती. गॉर्डीच्या मात्र काही ध्यानात आलं नाही. तो म्हणाला, "मोटारीनं जा. चारशे मैलांना पाच कमी. पेट्रोल अठ्ठावन्न डॉलर, बात खतम."

क्लेमेंटकडे मीटरवाचनाची जुनी कोरी कार्डं चार खोकी भरून होती. त्यातलं एक घेऊन त्यानं घरी तक्ता आखला. आडवे चार रकाने: मोटार, बस, रेल्वे, विमान. उभे सहा: भाडं, स्टँडपर्यंतचा खर्च, वाटेतलं जेवण, लागणारे तास, किरकोळ आणि शेवटचा, मुक्काम. पहिले पाच त्यानं दोन दिवसांत भरत आणले. मुक्कामाशी मात्र पेन्सिल थांबली. मोटेल धरलं तर चौऱ्याण्णव डॉलर. पण लव्हॉननं "आमच्याकडेच उतरा" म्हटलं तर शून्य. आता ती म्हणेल का? तिला कसं विचारायचं? विचारलं आणि तिनं भिडेखातर हो म्हटलं तर? त्यानं तो रकाना कोरा ठेवला. एकतीस वर्षांत कोरा रकाना ठेवायची ही त्याची पहिली वेळ.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्यानं फोन लावला.

"इंगाचं ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला.

"हो. शेवटी तिलाच कंटाळा आला होता," लव्हॉन म्हणाली. "तुमचं कसं?"

"चाललंय. मी जरा इथून तिथपर्यंतचे दर बघत होतो. असेच."

"दर? खूप लांब पडतं हो."

"तसं नाही लांब."

"उगाच त्रास कशाला घेता भांड्यासाठी."

"छे, त्रास कसला. पण तुमचीच अडचण व्हायची."

"माझी कसली अडचण. पण तुम्हाला थंडी सोसायची नाही इथली."

"जूनमध्ये?"

"जूनमध्येसुद्धा असते कधी कधी." मग थोडं थांबून ती म्हणाली, "अर्थात, तुमचं कधी इकडं येणं झालंच, तर..."

क्लेमेंट श्वास रोखून उभा राहिला. वाक्य पुढं गेलं नाही.

"झालंच तर कळवीन," तो म्हणाला.

मग निरोप घेण्यात त्यांना पंचवीस मिनिटं लागली, कारण तिथं फोन असा पटकन ठेवत नाहीत. हवा झाली, दंतवैद्याच्या कुत्र्याचं झालं, गॉर्डीचा गुडघा झाला, दोनदा "बरं तर मग" झालं. फोन ठेवल्यावर क्लेमेंटनं तक्ता पुढं ओढला आणि मुक्कामाच्या रकान्यात बारीक प्रश्नचिन्ह काढलं. ते त्याला फार आशेचं वाटलं म्हणून खोडलं. मग इतकंही वाईट नव्हतं म्हणून पुन्हा काढलं.

मे महिन्यात विमानाचं एक स्वस्त तिकीट निघालं, एकोणपन्नास डॉलर. गॉर्डीनं विमानाला तोंडभर शिव्या दिल्या, पण आकडा तो आकडा. क्लेमेंट तिकीट काढायला निघालाच होता, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की विमानात बसायला ओळख म्हणून आता कोपऱ्यात चांदणी असलेला नवा वाहन-परवाना लागतो. क्लेमेंटच्या परवान्यावर चांदणी नव्हती. तो परवान्याच्या कचेरीत गेला, बावन्न नंबरचं टोकन घेतलं, आणि दोन तासांनी खिडकीशी पोचला. खिडकीतल्या बाईच्या छातीवर युनिस अशी पाटी होती.

"राहत्या पत्त्याचे दोन पुरावे," युनिस म्हणाली.

क्लेमेंटनं बँकेचं पत्र दिलं. मग विजेचं बिल दिलं. गॅसचं दिलं. पाण्याचं दिलं.

युनिसनं ती उलटसुलट केली. "ही बर्निस डुडेकच्या नावानं आहेत."

"माझी बायको. घर तिच्या वडिलांचं. पहिल्यापासून तिच्याच नावानं येतात."

"मग त्यांना घेऊन या. तुम्ही तिथं राहता असं त्या लिहून देऊ शकतात. फॉर्म आहे."

"ती साडेचार वर्षांपूर्वी वारली."

युनिस वाईट बाई नव्हती. तिनं बिलं नीट रचून परत दिली. "मी काय म्हणते, कागदावर बघितलं तर त्या घरात अजून त्याच राहतात," ती हळूच म्हणाली. "एखादं बिल तुमच्या नावावर करून घ्या. एकच पुरे. एका फोनचं काम आहे."

एकतीस वर्षं ज्या माणसानं शहरातल्या घराघराचं पाणी मोजलं, तो आपल्या स्वतःच्या घरात राहतो याला कागद नव्हता. क्लेमेंटला हे लागलं. बसमधून घरी येताना त्यानं मनातल्या मनात युनिसला तीन उत्तरं दिली, तिन्ही उत्तम होती.

घरी आल्यावर कुठलं बिल बदलावं याचा विचार करण्यात त्याचे चार दिवस गेले. पाण्याचं नाही, ते तर नाहीच. गॅसवर ती स्वयंपाक करायची. राहिली वीज. त्यानं फोन लावला. अर्धा तास फोनमधलं संगीत ऐकलं. मग एक तरुण आवाज म्हणाला, "खातेदाराशी बोलता येईल का?"

"ती इथं नाही," क्लेमेंट म्हणाला.

"कधी येतील?"

साधा प्रश्न होता, रोजचा. क्लेमेंटनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर टेबलावर पाकीट होतं, खिडकीतून तिचं नाव दिसत होतं, छापील, ठळक. महिन्यातून तीन पाकिटं यायची, आणि पोस्टमन ती टाकायचा तेव्हा क्षणभर तरी या घराच्या पत्त्यावर ती असायची. साडेचार वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"नंतर करतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग तक्त्यावरचं विमान रेघ मारून खोडलं. गॉर्डीला त्यानं सांगितलं की विमान महाग पडतं. गॉर्डी खूश झाला.

आणि खूश झाला तो कामालाच लागला. "अठ्ठावन्न हा अंदाज झाला," तो म्हणाला. "तुझ्या ब्यूकला नेमकं किती पेट्रोल लागतं ते मोजायला हवं. तू मीटरवाला ना?" इथं त्यानं क्लेमेंटच्या अभिमानाला हात घातला. एका शनिवारी टाकी काठोकाठ भरून दोघं शहराभोवती चाळीस मैलांच्या फेरीला निघाले. गॉर्डी आकडे लिहिणार, क्लेमेंट चालवणार. पहिल्या दहा मैलांत गॉर्डीनं तीन ठिकाणी आइसक्रीमसाठी थांबवलं, आणि प्रत्येक वेळी "इंजिन बंद करू नकोस, मोजणीत खोट येईल" म्हणाला. सव्विसाव्या मैलावर ब्यूकच्या खालून काहीतरी खडखडलं. एकतिसाव्याला चर्चच्या दारात, नेमकी एका लग्नाची मंडळी फोटोला उभी असताना, सायलेन्सर सगळ्या नळीसकट गळून रस्त्यावर पडला. त्यानंतर ब्यूकचा जो आवाज सुरू झाला त्यानं नवरीची आजी खाली बसली. क्लेमेंटला सगळं चर्च ओळखत होतं. त्यानं खिडकीची काच वर केली आणि समोर बघत राहिला. गॉर्डी खाली उतरला आणि वरातीतल्या लोकांना पेट्रोल नेमकं कसं मोजतात ते समजावून सांगू लागला.

सायलेन्सरचे चारशे बारा डॉलर झाले. गॉर्डीचं म्हणणं, ते तक्त्यात धरायचे नाहीत. "तो तसाही पडणारच होता."

"पण पडला डुलूथपायी," क्लेमेंट म्हणाला, आणि त्यानं ते मोटारीच्या किरकोळ खर्चात मांडले. मोटार गेली चारशे सत्तरवर. रेल्वे सेंट पॉलपर्यंतच जात होती, पुढं बस, आणि मधे पाच तास बाकावर बसणं, एकूण शहाण्णव. सरळ बसनं चौऱ्याहत्तर. बस जिंकली. दहा आठवडे झाले होते. रुबार्बचे लाल देठ मनगटाएवढे जाड झाले होते, आणि आता टाळायला काही उरलं नव्हतं.

त्यानं लव्हॉनला फोन केला. "गुरुवारी मी त्या बाजूला असेन बहुतेक."

"काय काम निघालं?"

"असंच."

डुलूथच्या बाजूला कुणी असंच असत नाही. त्याच्या पुढं नुसतं पाणी आणि मग कॅनडा. पण लव्हॉन तेवढंच म्हणाली, "मग मी स्टँडवर येते. मला तसंही तिकडं काम आहे." बस-स्टँडवर कुणाचं काय काम असतं ते क्लेमेंटनं विचारलं नाही.

बुधवारी रोझ अ‍ॅन बर्निसच्या हातची कृती घेऊन आली. बर्निसनंच ती तिला वीस वर्षांपूर्वी लिहून दिली होती. तिनं क्लेमेंटला लोणी किती ते सांगितलं, साखर स्वतः मोजली, आणि वड्या थंड होईपर्यंत बसून राहिली. चोवीस वड्या झाल्या. जाताना दारात म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घाल." बास, तेवढंच.

गुरुवारी पहाटेच्या बसमध्ये क्लेमेंट इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर भांडं घेऊन बसला. वरच्या फळीवर ठेवा म्हणून ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. सगळं ठीक चाललं होतं. मग ओ क्लेअर गावाच्या पुढं एका मक्याच्या शेताशी बस थांबली ती थांबलीच. दुसरी बस यायला तीन तास लागतील असं ड्रायव्हरनं सांगितलं. ऊन चढलं. आसपास ना दुकान ना घर. बसमध्ये सगळे मिळून अठरा जण, आणि फॉइलखालून रुबार्बचा आणि लोण्याचा वास सुटलेला.

पलीकडे एक थकलेली नर्स बसली होती. तिनं भांड्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. ती नजर वळवणं क्लेमेंटला सोसलं नाही. "घ्या ना एक," तो म्हणाला. नर्स नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं घेतली, तिथं तिसऱ्यांदाच घेतात. मग तिच्या मागच्या माणसाला न विचारणं बरं दिसेना. असं करत करत प्रत्येकाचे तीन-तीन आग्रह होऊन भांडं ड्रायव्हरपर्यंत जाऊन परत आलं. काहींना दुसरीचाही आग्रह झाला. क्लेमेंट हसून "घ्या, घ्या" म्हणत होता आणि आतून तुटत होता. त्या वड्या त्यानं या लोकांसाठी केल्या नव्हत्या.

शेवटी एक वडी राहिली. आता शेवटची वडी तिथं कुणी घेत नाही. घेतली तर ती घेणाऱ्याबद्दल लोक वर्षभर बोलतात. पण कुणी थोडीशी तोडली तर चालतं. नर्सनं अर्धी कापली. एका शेतकऱ्यानं उरलेल्यातली अर्धी कापली. त्याच्या बायकोनं त्यातली अर्धी. दुसरी बस आली तेव्हा भांड्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा होता. क्लेमेंटनं त्यावर फॉइल लावलं आणि भांडं पुन्हा मांडीवर घेतलं. डुलूथ येईपर्यंत त्याच्या मनात बारा उकडलेली अंडी येत राहिली.

लव्हॉन स्टँडवर निळा कोट घालून उभी होती. केस आता पूर्ण पांढरे. बस तीन तास उशिरा आली होती, म्हणजे ती तीन तास उभी होती. "माझं काम जरा लांबलंच," ती म्हणाली. टेकडीवरच्या घरापर्यंत दोघं हवेबद्दल बोलले. त्याला बोलायचं होतं ते वेगळंच होतं. दोन वर्षं तुझी फार आठवण आली, गुरुवार फार वाईट जातात. पण तो हवेबद्दलच बोलला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलाव दिसत होता, अजून उजेड होता. टेबलावर भांडं ठेवून लव्हॉननं फॉइल उचललं. क्लेमेंटनं सगळं सांगितलं, मक्याचं शेत, नर्स, शेतकऱ्याची बायको. ती हसली नाही. तिनं भांडं तिरकं करून बूड पाहिलं.

"ही पट्टी मी लावलेली नाही. अक्षर माझं नाही."

"जुनी सुटली," क्लेमेंट म्हणाला. "सारखं पुसलं की सुटते. मी नवी लावली."

"किती वेळा?"

"चारदा."

लव्हॉननं भांडं जपून खाली ठेवलं. "मुक्काम कुठं आहे तुमचा?"

क्लेमेंटनं खिशातून कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. ते सांगण्यापेक्षा सोपं होतं. तिनं चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं, पाण्याचा मीटर वाचणाऱ्यानंही इतकं सावकाश वाचलं नसतं. मुक्कामाच्या रकान्याशी ती थांबली, प्रश्नचिन्ह पाहिलं, आणि बोट विमानावर नेलं. "विमान का खोडलं? हेच बरं होतं की."

तो गॉर्डीला बोलला ते तिला बोलला नाही. विजेच्या बिलाचं सगळं सांगितलं, त्या मुलानं काय विचारलं तेही. लव्हॉन खिडकीकडे बघत ऐकत होती.

"इंगाच्या नावानं विणकामाचं मासिक येतं," ती म्हणाली. "मला विणता येत नाही. मी बंद केलेलं नाही."

"नका करू."

"तुम्हीही नका करू."

मग तिनं सुरी घेतली, त्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्याचे नीट दोन भाग केले, एक भाग बशीत ठेवून पुन्हा दोन केले, आणि बशी दोघांच्या मधे सरकवली. उरलेल्या भागावर फॉइल दाबून भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. "हा उद्या सकाळी कॉफीबरोबर," ती म्हणाली. "तुमचा नि माझा. वरची खोली इंगाची. खिडकी जरा अडते, वर उचलून ढकलायची."

क्लेमेंट रुबार्ब चघळत राहिला. चघळण्याजोगं त्यात काही नव्हतं. बर्निसच्या वाफ्याची चव होती, ती लव्हॉनलाही लागली, कारण तीही सावकाश चघळत होती. थोड्या वेळानं तिनं कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि उलटं केलं.

"आणि परतीचं?"

"परतीचं काय?"

"हा सगळा जाण्याचा खर्च आहे. परत जाण्याचा कुठं लिहिलाय?"

क्लेमेंटनं कार्ड घेतलं. मागची बाजू कोरी होती. त्यानं खिसे चाचपले, पाकीट पाहिलं, तिकीट पाहिलं. तिकीट एकेरी होतं. अकरा आठवड्यांत गॉर्डीला हे सुचलं नव्हतं, रोझ अ‍ॅनला सुचलं असलं तरी ती बोलली नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्या मनात ही गोष्ट एकदाही आली नव्हती. एकतीस वर्षांचा बिनचूक माणूस त्या टेबलाशी कानापर्यंत लाल झाला.

"राहून गेलं," तो म्हणाला.

"मग काढावं लागेल."

"काढतो ना. उद्याच बसतो."

"सगळंच बघावं लागेल. मोटार, बस, रेल्वे, विमान."

"सगळंच धरावं लागतं."

"हे इकडचं काढायला किती दिवस लागले म्हणालात?"

"अकरा आठवडे."

लव्हॉननं त्याच्यापुढं कॉफी ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. "घाई नाही," ती म्हणाली.

क्लेमेंटनं खिशातून पेन्सिल काढली. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर वर नीट अक्षरांत लिहिलं, डुलूथ ते मिल्वॉकी. खाली एक रेघ ओढली, आणि पेन्सिल परत खिशात ठेवून दिली.